मोटरहोमचा एसी लवकर सुरू होत नाही? शिडी काढण्याआधी हे बघा

दुपारचे चार वाजले होते. पश्चिम टेक्ससमधला कॅम्पग्राउंड, बाहेर १०४ डिग्री फॅरनहाइट. आई-बाबा भारतातून उन्हाळ्यासाठी आलेले, आणि आम्ही नुकतंच जुनं, चोवीस फुटी मोटरहोम (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) घेतलेलं. मी केबल लावली, थर्मोस्टॅट ७२ वर आणला. काहीच नाही. आई हातातल्या कागदी प्लेटनं वारा घेत विचारतेय, "लागला का रे?" दोनेक मिनिटांनी पंखा फिरला, मग छतातून 'घूंऽऽ' असा आवाज आला, तीन-चार सेकंद टिकला आणि 'टक्' करून थांबला. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

मी शिडी काढायला निघालो. बाबांनी फलटणजवळ विहिरीवरच्या मोटरीशी चाळीस वर्षं भांडण केलंय. ते जागचे हलले नाहीत. म्हणाले, "वर जाऊन काय करणारेस? मोटर उचलत नाहीये. आधी व्होल्टेज बघ."

मीटर लावला. १२० व्होल्टच्या जागी एसी बंद असताना १०९, आणि 'घूं' सुरू झालं की काटा थेट नव्वदीत. कॅम्पग्राउंडच्या ऑफिसात जाऊन जागा बदलून घेतली. नव्या जागेच्या विजेच्या खांबावर ११८ मिळाले आणि तोच एसी एका दमात सुरू झाला. वरचा एक स्क्रूही सोडवावा लागला नाही.

अमेरिकेत आरव्ही (म्हणजे मोटरहोमसारखी राहायची गाडी) भाड्यानं घेणारी किंवा जुनी विकत घेणारी मराठी कुटुंबं आता बरीच दिसतात, आणि पहिल्या उन्हाळ्यात बहुतेकांना हाच प्रश्न पडतो. म्हणून मी ज्या क्रमानं तपासतो, तो इथे लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे. फुकटची आणि सोपी कारणं आधी, छतावरची सगळ्यात शेवटी.

आधी कुठल्या एसीबद्दल बोलतोय ते

मोटरहोममध्ये दोन एसी असतात. डॅशबोर्डचा एसी कारसारखाच इंजिनावर चालतो आणि पुढच्या दोन सीटपुरताच उपयोगी असतो. छतावरचा एसी १२० व्होल्टवर चालतो. त्याला कॅम्पग्राउंडची वीज लागते, नाहीतर जनरेटर. गाडी चालू आहे म्हणून छतावरचा एसी चालत नाही. भाड्याच्या गाडीत पहिल्या दिवशी हा घोळ हमखास होतो. इथून पुढचं सगळं छतावरच्या एसीबद्दल.

हे एसी साधारण १३,५०० किंवा १५,००० बीटीयूचे असतात (बीटीयू म्हणजे थंड करण्याची ताकद मोजायचं एकक). आपल्या भाषेत १२,००० बीटीयू म्हणजे एक टन. म्हणजे तुमच्या डोक्यावर एक टनाहून थोडा मोठा किंवा सव्वा टनाचा एसी आहे, आणि त्याला पत्र्याची किंवा फायबरची, पातळ भिंतींची एक खोली उन्हात थंड करायचीय. अपेक्षा त्या हिशोबात ठेवा.

पायरी १: घड्याळ लावून बसा

थर्मोस्टॅट 'कूल'वर, पंखा 'हाय'वर, तापमान खोलीपेक्षा दहा डिग्री खाली. आता मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करा आणि कशालाही हात लावू नका.

दोन ते तीन मिनिटांनी कॉम्प्रेसर स्वच्छ सुरू झाला आणि चालत राहिला, तर बिघाड नाही. तो उशीर मुद्दाम ठेवलेला आहे. कॉम्प्रेसर बंद होतो तेव्हा त्याच्या एका बाजूला गॅसचा दाब जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असतो. दोन्हीकडचा दाब सारखा व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी मोटर फिरवायला गेलं तर तिला त्या दाबाविरुद्ध उठावं लागतं, ती अडकते आणि तापते. आपल्या घरी फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर 'टाइम डिले'चा दिवा असायचा आणि लाइट जाऊन आली की आई ओरडायची, "फ्रिज लगेच लावू नको, कॉम्प्रेसर जळेल." तेच हे.

नवख्या माणसाची चूक इथेच होते. मिनिटभर वाट बघायची, मग थर्मोस्टॅट बंद-चालू करायचा, परत मिनिटभर. दर वेळी तो उशीर शून्यापासून मोजला जातो. अशानं एसी वीस मिनिटं लागत नाही आणि दोष मात्र यंत्राला.

आणखी एक. हे उशीर एकावर एक चढतात. केबलला ईएमएस लावलं असेल (सर्ज आणि कमी व्होल्टेजपासून वाचवणारा डबा), तर बरीच मॉडेल वीज सोडायच्या आधी स्वतःच दोन मिनिटांहून जास्त थांबतात. त्यानंतर थर्मोस्टॅटची दोन मिनिटं. म्हणजे केबल लावल्यापासून थंड हवेपर्यंत साडेचार मिनिटं जाणं अगदी नॉर्मल आहे. जनरेटरवर असाल तर ट्रान्सफर स्विचही (खांबाची वीज की जनरेटरची, हे बदलणारा) इंजिन स्थिर होईपर्यंत वीस-तीस सेकंद घेतो.

पायरी २: कान देऊन ऐका

पाच मिनिटं झाली आणि तरी थंड हवा नाही? मग काय ऐकू येतंय त्यावर पुढची वाट ठरते.

पंखाच नाही, काहीच आवाज नाही: ब्रेकर किंवा १२ व्होल्टची बाजू बघा. पंखा चालतोय, पण कॉम्प्रेसरचा आवाजच नाही: थर्मोस्टॅट किंवा बर्फ. पंखा चालतोय आणि 'घूंऽऽ... टक्' असं पुन्हा पुन्हा होतंय: मोटर उठायचा प्रयत्न करतेय आणि तिचा ओव्हरलोड (मोटर तापली की वीज तोडणारा स्विच) तिला वाचवण्यासाठी तोडतोय. इथे व्होल्टेज नाहीतर कपॅसिटर (मोटरला उठताना जोर देणारा छोटा डबा). कॉम्प्रेसर सुरू आहे, पण गारवा यायला तास लागतो: तो सुरू होण्याचा प्रश्नच नाही, हवेचा आहे.

'घूं-टक्' तीनदा झालं की थर्मोस्टॅट बंद करा. प्रत्येक प्रयत्नात मोटरच्या वाइंडिंगमधून चालताना लागतो त्याच्या चौपट करंट जातो.

पायरी ३: व्होल्टेज

माझ्या मते निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

सॉकेटमध्ये खोचायचा, आकडा दाखवणारा छोटा मीटर घ्या. तो कायमचा स्वयंपाकाच्या ओट्याजवळ लावून ठेवा. दोन आकडे लिहून घ्या: एसी बंद असताना आणि एसी चालू असताना. पहिला आकडा फसवतो. भार नसताना ११८ दाखवणारी लाइन भार येताच १०५ वर बसू शकते. एसी चालू असताना ११० च्या वर असेल तर उत्तम. १०८ च्या खाली गेला की मी एसी बंद करतो. साधारण १०४ ही शेवटची रेघ, त्याखाली ईएमएस वीज तोडतंच. आमच्याकडे त्या दिवशी ईएमएस नव्हतं. पुढच्या आठवड्यात घेतलं.

एवढ्याशा फरकानं काय होतं? मोटरची सुरू होतानाची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १२० चे १०४ झाले म्हणजे व्होल्टेज तेरा टक्के कमी, पण ताकद पंचवीस टक्के कमी. चालू मोटर ते रेटून नेते. थांबलेली मोटर उठत नाही.

व्होल्टेज पडतं कुठे? तीन जागा बघा.

एक, खांबावरच. उन्हाळ्याच्या दुपारी पन्नास गाड्यांचे एसी एकदम चालू असतात आणि जुन्या कॅम्पग्राउंडची वायरिंग त्या काळची असते जेव्हा लोक नुसता दिवा लावायचे. पहाटे ठीक आणि दुपारी चार ते आठ बिघाड, असं होत असेल तर कारण हेच. ऑफिसात आकडा सांगा आणि जागा बदलून मागा. संकोच करू नका.

दोन, तुमची केबल. घराच्या ड्राइव्हवेवर मोटरहोम उभं करून गॅरेजमधून नारिंगी एक्स्टेन्शन ओढायची सवय आपल्याकडे भारी. सोळा गेजची (गेजचा आकडा मोठा, तेवढी तार बारीक) पन्नास फुटी वायर घेतली, तर चालू एसीच्या १३ अँपिअरला पाचेक व्होल्ट वायरमध्येच जातात. सुरू होताना करंट पन्नासच्या घरात जातो तेव्हा वीस. तेवढीच लांब दहा गेजची वायर घेतली तर हेच आकडे सव्वा आणि पाच. ३० अँपिअरच्या आरव्ही केबलमध्ये दहा गेजचीच तार असते, ती उगाच जाड नाही.

तीन, प्लगचे पाय. केबल काढताना ब्रेकर आधी बंद करा आणि पाय बघा. एखादा काळा पडलाय, प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलंय? त्या जोडावर उष्णता होतेय, म्हणजे तिथेच व्होल्टेज गळतंय. असा प्लग घासून परत वापरू नका, टोक बदलून घ्या. खांबावरचं सॉकेट ढिलं असेल आणि प्लग स्वतःच्या वजनानं खाली झुकत असेल, तर ती जागाच नको.

पायरी ४: बेरीज करा

३० अँपिअरच्या जोडणीवर तुम्हाला एकूण ३,६०० वॅट मिळतात. ५० अँपिअरवर १२,०००, कारण तिथे पन्नास-पन्नासच्या दोन लाइन असतात. दोन्हींत तिपटीहून जास्त फरक आहे, हे नावावरून कळत नाही.

आता ३० च्या गाडीत एसी १२ ते १४ अँपिअर घेतो. पाणी तापवायचा गीझर विजेवर ठेवला असेल तर तो १२. इथेच पंचवीस झाले. त्यात बॅटरी चार्ज होतेय. आणि अशा वेळी कुणीतरी चहासाठी इंडक्शन १,८०० वॅटवर ठेवतं, म्हणजे अजून १५. ब्रेकर पडतो, किंवा ज्या गाड्यांत भार आपोआप कमी करणारी यंत्रणा असते तिथे एसीच काढून टाकला जातो आणि तो परत यायला पुन्हा दोन मिनिटं घेतो. 'एसी मध्येच थांबतो आणि उशिरा लागतो' ही तक्रार अनेकदा अशी चहाच्या वेळेची असते. गीझर गॅसवर टाका. एसी आधी सुरू होऊ द्या, चहा नंतर.

जनरेटरवर असाल तर

'२२००' छापलेला छोटा जनरेटर सलग १,८०० वॅटच देतो. उंचीवर तेही मिळत नाहीत. दर हजार फुटांना साधारण साडेतीन टक्के ताकद कमी होते. फ्लॅगस्टाफ जवळपास ७,००० फुटांवर आहे. ग्रँड कॅन्यनला जाताना तिथे थांबलात, तर १,८०० चे १,४०० सुद्धा उरत नाहीत, आणि १३,५०० चा एसी तिथे नुसता 'घूं' करणार. एसीचा दोष नाही. जनरेटरचा 'इको' मोडही बंद ठेवा, कारण मंद चालणारं इंजिन अचानक आलेल्या भाराला वेग घेईपर्यंत कॉम्प्रेसर हार मानतो.

गाडीतला बसवलेला जनरेटर बहुधा गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो आणि टाकी पाव भागाखाली गेली की बंद पडतो. इंजिनाला घरी पोचता यावं म्हणून ती सोय आहे. आणि झोपायच्या आधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपासा. रोज.

पायरी ५: १२ व्होल्टची बाजू

थर्मोस्टॅट आणि एसीचं कंट्रोल बोर्ड बऱ्याच गाड्यांत १२ व्होल्टच्या घरगुती बॅटरीवर चालतं. बाहेर १२० व्होल्ट व्यवस्थित आहेत आणि तरी थर्मोस्टॅटची स्क्रीन फिकट, किंवा आतला रिले कुरकुरतोय असं होत असेल, तर बॅटरी मोजा. केबल लावलेली असताना १३ च्या वर हवी. ११ च्या आसपास असेल तर कन्व्हर्टर (१२० व्होल्टवरून बॅटरी चार्ज करणारा डबा) चार्ज करत नाहीये, किंवा फ्यूज गेलाय. दाराजवळचा बॅटरी डिस्कनेक्ट स्विचही बघा. मुलं चढता-उतरता तो दाबतात.

पायरी ६: हवा

छतातल्या जाळीमागचा फिल्टर काढा. कुत्रा असेल तर त्याची अर्धी लोकर तिथे सापडेल. साबणाच्या पाण्यानं धुवा, वाळवा, लावा. फिल्टर तुंबला की आतल्या कॉइलवर बर्फ धरतो, मग सेन्सर कॉम्प्रेसर तोडतो आणि बर्फ वितळेपर्यंत सुरू होऊ देत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं एसी उशिरा लागतोय. एसी बंद करून नुसता पंखा तासभर 'हाय'वर चालवा आणि खाली एक टॉवेल अंथरा.

मग स्वयंपाकातला काटेरी थर्मामीटर घ्या. आत ओढली जाणारी हवा किती आणि बाहेर पडणारी किती? पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर १६ ते २२ डिग्री फॅरनहाइटचा फरक दिसला, तर यंत्र आपलं काम करतंय. तुम्ही गाडी उन्हात तापवून मग एसी लावलाय, एवढंच. सकाळी नऊला लावा, पडदे ओढा, काचेला आतून परावर्तक लावा.

फरक दहा-बाराच दिसला, तर जाळी काढून आत टॉर्च मारा. थंड हवेचा कप्पा आणि परतीच्या हवेचा कप्पा यांच्यामधला पडदा अनेक गाड्यांत नीट चिकटवलेला नसतो. थंड हवा खोलीत यायच्या आधीच परत एसीत जाते. आमच्याकडे दोन बोटं जाईल एवढी फट होती. ॲल्युमिनियमची फॉइल टेप लावली, अर्धा तास लागला, आणि गारव्यातला फरक त्याच संध्याकाळी कळला. साधी कापडी डक्ट टेप वापरू नका, उष्णतेनं सुटते.

पायरी ७: आता शिडी

व्होल्टेज चांगलं, भार कमी, तरी 'घूं-टक्'? मग संशय कपॅसिटरवर. इथे एक शब्दांचा घोळ सांगून ठेवतो. आपण घरी पंख्याचा 'कंडेन्सर' म्हणतो तो हाच कपॅसिटर. इथला मेकॅनिक कंडेन्सर म्हणाला, तर तो मागची गरम हवा फेकणारी जाळीदार कॉइल म्हणतोय. फोनवर मी पहिल्यांदा 'कंडेन्सर बदला' म्हणालो आणि समोरचा माणूस पूर्ण एसी बदलायचा भाव सांगू लागला.

काठीनं ढकलल्यावर फिरणारा छतपंखा आठवतोय? त्याचा कपॅसिटर मेलेला असतो. कॉम्प्रेसरचंही तसंच, फक्त त्याला काठी लावता येत नाही. उष्णतेत कपॅसिटर हळूहळू कमजोर होतो, म्हणून 'पूर्वी लगेच लागायचा, आता दोन-तीन प्रयत्न घेतो' हे त्याचं ठळक लक्षण.

विजेचं काम हाताला नसेल तर इथे थांबा आणि मेकॅनिक बोलवा. करणार असाल तर: खांबावरचा ब्रेकर बंद, केबल काढून हातात, जनरेटर बंद आणि त्याची आपोआप सुरू होण्याची सोयही बंद, इन्व्हर्टर बंद. छतावर कडेला जाऊ नका, मधोमध गुडघ्यांवर. प्लॅस्टिकचं झाकण काढा, वायरींचा फोटो घ्या. कपॅसिटरमध्ये केबल काढल्यावरही झटका शिल्लक असतो. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी काढण्यापेक्षा २० किलोओम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी टर्मिनलांवर काही सेकंद धरा, मग मीटरनं शून्य आलंय याची खात्री करा.

माथा फुगलाय किंवा तेल गळतंय तर मोजायचीही गरज नाही. नाहीतर मायक्रोफॅरड (कपॅसिटरच्या क्षमतेचं एकक) मोजा. डब्यावर आकडा आणि त्याची सूट छापलेली असते, साधारण पाच-सहा टक्के. ४५ छापलंय आणि ३८ येतंय तर तो गेला. तिथे 'सी', 'हर्म' आणि 'फॅन' अशी तीन टर्मिनल दिसली, तर एकाच डब्यात कॉम्प्रेसर आणि पंखा दोघांचे कपॅसिटर आहेत, दोन्ही मोजा. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच हवेत. व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी नाही.

वर गेलाच आहात तर मागच्या कॉइलमधला कचरा, बिया, गांधीलमाशीचं घरटं काढा. वायर जोडलेल्या टोप्या हलक्या ओढून बघा. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी त्या सैल होतात.

सॉफ्ट स्टार्टरबद्दल थोडं

दुकानदार लगेच सॉफ्ट स्टार्टर सुचवतात. चांगली वस्तू आहे. तो सुरू होतानाचा झटका निम्म्याहून बराच कमी करतो, त्यामुळे छोट्या जनरेटरवर किंवा घरच्या सॉकेटवर एसी उठतो. पण मेलेला कपॅसिटर, काळा पडलेला प्लग आणि १०२ व्होल्टचा खांब यांवर तो औषध नाही. आधी वरच्या पायऱ्या, मग हा खर्च.

एसीत गॅस भरून द्या असंही कुणाला सांगू नका. हे छतावरचे एसी सीलबंद असतात, गॅस भरायला तोंडच ठेवलेलं नसतं. कपॅसिटर नवा, व्होल्टेज नीट, आणि तरीही कॉम्प्रेसर ब्रेकर पाडतोय किंवा जळका वास येतोय, तर मेकॅनिकला तीन आकडे सांगा: भाराशिवायचं व्होल्टेज, 'घूं' चालू असतानाचं व्होल्टेज, आणि थर्मोस्टॅट लावल्यापासून पहिल्या आवाजापर्यंतचा वेळ. फिरता मेकॅनिक नुसतं येऊन बघण्याचेही पैसे घेतो, आणि या तीन आकड्यांवर त्याला कळतं की येताना गाडीत काय टाकायचं.

आमच्या मोटरहोममध्ये वरच्या कपाटाच्या दाराला आतून एक चिकटपट्टी लावलीय. एसी चांगला चालत होता त्या दिवशी बाबांनी त्यांच्या एचएमटीवर मोजून त्यावर बॉलपेननं लिहिलंय: 'पंखा लगेच. मोटर २ मि. ५ से. बंद ११८, चालू ११४. आत ८१, बाहेर ६२.' त्याखाली, थोडं मोठ्या अक्षरात: 'चहा नंतर.'